हेल्गुस्तादिर : एकाची दोन अक्षरे दाखवणाऱ्या दगडाची खाण

सोन्याची खाण, कोळशाची खाण, मँगेनीजची खाण ही नावे आपल्या कानांवरून गेलेली असतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातली माणसे खाणीत राबलेली आहेत. परंतु ज्या खाणीतून धातू निघाला नाही, जळण निघाले नाही, निघाला तो फक्त काचेसारखा स्वच्छ दगड, आणि त्या दगडाने प्रकाश म्हणजे काय हे जगाला शिकवले, अशी खाण कोणी पाहिली आहे काय? आम्ही ती पाहिली. ती आहे आइसलँड या देशात, युरोपच्या मुख्य भूमीपलीकडे, उत्तरेच्या थंडगार समुद्रात. तिचे नाव हेल्गुस्तादिर.

आमची मुलगी शिक्षणासाठी रेक्याविक या आइसलँडच्या राजधानीत राहते. तिच्या सुट्टीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. आइसलँडला जाणारे बहुतेक प्रवासी गरम पाण्याची कारंजी, धबधबे आणि बर्फाच्या नद्या पाहून परततात. आम्हाला मात्र पूर्व किनाऱ्यावरची ही खाण पाहायची होती. या वाटेने सहसा कोणी आपल्याकडचा माणूस जात नाही, म्हणून हा वृत्तांत वाचकांसमोर ठेवत आहोत.

खाणीपर्यंतची वाट

आइसलँड आकाराने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आहे आणि लोकसंख्या चार लाखही नाही. रेक्याविकहून दक्षिण किनाऱ्याने मोटारीने निघाले तर पूर्वेच्या एस्किफ्योर्दुर गावापर्यंत सुमारे ७०० किलोमीटरचा रस्ता आहे. विमानाने एगिल्सस्तादिरला उतरूनही जाता येते. आम्ही रस्त्याने गेलो. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काळे डोंगर. डोंगरांकडे पाहताना आम्ही दोघेही एकदमच म्हणालो, "अहो, हा तर आपला सह्याद्री!" एकावर एक रचलेल्या भाकरींसारखे खडकाचे थर, मध्ये मध्ये पायऱ्या, आणि पायऱ्यांवरून कोसळणारे पाणी. फरक इतकाच की झाड एकही नाही.

हे साम्य वरवरचे नाही. आपला सह्याद्री आणि आइसलँडचे डोंगर दोन्ही ज्वालामुखीच्या लाव्हापासून झाले. दोन्हीकडचा खडक काळा बेसॉल्ट. आपल्याकडचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि पूर्व आइसलँडचा त्या मानाने अलीकडचा, सुमारे एक कोटी वर्षांचा. ज्या कातळात कार्ले, भाजे, अजिंठा येथील लेणी कोरली गेली, त्याच जातीच्या कातळात ही खाण आहे.

वाटेत स्तोद्वारफ्योर्दुर नावाचे लहानसे गाव लागते. तेथे पेत्रा स्वेन्सदोत्तिर (१९२२-२०१२) या गृहिणीने उभे केलेले दगडांचे संग्रहालय आहे. घरसंसार सांभाळून या बाई आसपासच्या डोंगरांत हिंडत आणि सुंदर दगड गोळा करीत. १९७४ मध्ये पती वारल्यावर त्यांनी आपले घर आणि अंगण लोकांना पाहण्यासाठी खुले केले. आज त्या अंगणात हजारो दगड मांडलेले आहेत. आमच्या भगिनींनी या बाईची आठवण ठेवावी. पदवी नसताना, पैसा नसताना एका घरातल्या बाईने आयुष्यभराच्या नजरेवर संग्रहालय उभे केले.

एस्किफ्योर्दुर हे मासेमारीचे गाव, वस्ती हजाराच्या आसपास. समोर होल्मातिंदुर हा ९८५ मीटर उंचीचा डोंगर. उन्हाळ्यात येथे रात्र अशी होतच नाही. हिवाळ्यात दिवस जेमतेम चार तासांचा, आणि तोही डोंगराच्या सावलीत जातो. गावापासून खाडीच्या काठाने पूर्वेकडे काही किलोमीटर गेले की हेल्गुस्तादिरच्या शेतवाडीची जागा लागते. रस्त्यावर गाडी ठेवून चढणीची पायवाट धरायची. दहा-पंधरा मिनिटांत माणूस खाणीच्या तोंडाशी पोहोचतो.

खाण म्हणून पाहायला गेलेल्या माणसाची प्रथम निराशाच होते. डोंगराच्या कुशीत एक खणलेला खड्डा, त्याखाली डोंगरात खोदलेला एक बोगदा, आणि उतारावर पसरलेला पांढरा चुरा. यंत्र नाही, इमारत नाही. पण ऊन पडले आणि तो सारा उतार लखलखू लागला. शेजारून वाहणाऱ्या ओहोळाच्या तळाशीही पांढरे तुकडे चमकत होते. या दगडाला आइसलँडचे लोक 'सिल्फुरबेर्ग' म्हणतात. अर्थ, चांदीचा खडक. इंग्रजीत त्यालाच आइसलँड स्पार म्हणतात.

दगड एक, चित्रे दोन

या चांदीच्या खडकात चांदी मुळीच नाही. तो आहे कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपली चुनखडी, समुद्रातले शिंपले यांचा घटक तोच. ज्या पदार्थापासून घराला लावायचा चुना होतो, तोच पदार्थ येथे आरशासारखा स्वच्छ होऊन बसला आहे. लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपले. पाण्यात विरघळलेला चुना हळूहळू, थरावर थर बसत गेला. जागा मोठी मिळाली आणि वाढ सावकाश झाली, म्हणून स्फटिक मोठे आणि निर्मळ झाले. या खाणीतून निघालेला दोनशे किलोंहून अधिक वजनाचा एक स्फटिक लंडनच्या संग्रहालयात आहे.

आमच्यापाशी कॅल्साइटचा एक छोटा तुकडा होता. मुलगी शाळेत असताना अजिंठ्याच्या पायथ्याशी स्फटिक विकणाऱ्या एका दुकानदाराकडून तो घेतला होता. ते विक्रेते ज्या रंगीत दगडांचे ढीग मांडून बसतात, ते आपल्याच दख्खनच्या कातळाच्या पोकळ्यांतून निघतात. लेकीने तो तुकडा पर्समधून काढून छापील कागदावर ठेवला. कागदावरचे प्रत्येक अक्षर दोनदा दिसू लागले. तुकडा गोल फिरवला तेव्हा एक अक्षर जागेवर राहिले आणि दुसरे त्याच्याभोवती फिरू लागले.

हीच गंमत १६६९ मध्ये कोपनहेगनचे प्राध्यापक रासमुस बार्थोलिन यांनी लॅटिन पुस्तिका लिहून जगापुढे मांडली. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. तेथून आलेले स्फटिक त्यांच्या हाती पडले. ते याच खाणीतले असावेत असे अभ्यासक मानतात. बार्थोलिन नुसते आश्चर्य करून थांबले नाहीत. त्यांनी कोन मोजले, स्फटिक फिरवून पाहिला आणि नोंद केली की प्रकाशाचा किरण या दगडात शिरताना दोन होतो. एक नेहमीच्या नियमाने वाकतो, दुसरा तो नियम पाळत नाही. कारण त्यांना सापडले नाही. पण जे दिसले ते त्यांनी खरेखुरे लिहून ठेवले, आणि पुढच्यांना त्यामुळेच वाट मिळाली.

पुढे हॉलंडचे क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६९० च्या ग्रंथात प्रकाश हा लाटांसारखा पसरतो असे मांडून या दुहेरी किरणाचा हिशोब लावला. न्यूटन यांनीही या दगडाचा विचार केला. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन लुई मालुस हे लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेले ऊन या स्फटिकातून पाहत होते. स्फटिक फिरवताच दोन प्रतिमांपैकी एकदा एक मंद होई, एकदा दुसरी. त्यातून प्रकाशाचे ध्रुवीकरण उलगडले.

हा शब्द मुलांना जड वाटेल. त्यांना असे समजावून सांगावे. खिडकीच्या उभ्या गजांमधून एक दोरी ओवा. तिचे पलीकडचे टोक बांधा आणि अलीकडचे हलवा. दोरी वर-खाली हलवली तर लाट गजांमधून पार जाते. आडवी हलवली तर गजांवर आपटून थांबते. साध्या प्रकाशात सर्व दिशांची हालचाल मिसळलेली असते. कॅल्साइट तिची दोन भागांत वाटणी करतो. एका भागाची हालचाल एका दिशेने, दुसऱ्याची तिच्याशी काटकोनात. म्हणून एका अक्षराची दोन अक्षरे.

१८२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोल यांनी या दगडाचा तिरपा छेद घेऊन दोन तुकडे पुन्हा एका झाडाच्या पारदर्शक डिंकाने चिकटवले. त्यामुळे एक किरण बाजूला फेकला जातो आणि दुसराच सरळ बाहेर येतो. हाच निकोल लोलक. त्यानंतर शंभर वर्षे जगातल्या प्रयोगशाळांना हा लोलक लागत होता, आणि त्यासाठी लागणारा निर्मळ दगड मुख्यतः आइसलँडमधून येत होता.

आपल्या उसापर्यंत

आता वाचक म्हणतील, या दूरदेशीच्या दगडाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे.

फ्रान्सचे जाँ-बाप्तिस्त बियो यांनी १८१५ मध्ये दाखवून दिले की साखरेसारख्या काही पदार्थांचा द्राव ध्रुवीकृत प्रकाशाची दिशा फिरवतो. साखर जितकी जास्त, तितके फिरणे जास्त. मग एक सोपी युक्ती निघाली. एका निकोल लोलकातून प्रकाश सोडायचा, मध्ये रसाची नळी ठेवायची, पलीकडे दुसरा लोलक फिरवून प्रकाश किती अंशांनी वळला ते मोजायचे. एवढ्यावरून रसात साखर किती ते कळते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जो 'पोल' काढतात, तो हाच. पोल हा शब्दच ध्रुवीकरणाच्या इंग्रजी नावावरून आला आहे. आज उपकरणे विजेवर चालतात, आकडा काचेवर उमटतो, पण तत्त्व बदललेले नाही.

महाराष्ट्रात उसाच्या दराशी साखर उताऱ्याचा संबंध असतो हे सर्वांना ठाऊक आहे. बागायतदार, कारखानदार, सरकार सगळे उताऱ्याचा आकडा पाहतात. पण ज्याच्या कोयत्याने तो ऊस तुटतो, त्या ऊसतोड कामगार जोडप्याला मजुरी मिळते टनावर. उतारा वाढला म्हणून त्याच्या पाटीत जास्त पडत नाही. रसातल्या साखरेचा कणन् कण मोजणारे साधन आले, पण पहाटेच्या थंडीत फडात उभ्या राहणाऱ्या बाईचे कष्ट मोजणारे साधन अजून कोणत्याही प्रयोगशाळेत आलेले नाही. त्या खाणीच्या तोंडाशी उभे असताना हा विचार आमच्या मनातून जाईना.

आणखी एक संबंध सांगण्यासारखा आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन हे 'नार्कुंडा' बोटीने इंग्लंडहून परतत होते. समुद्र निळा का, हा प्रश्न त्यांच्या मनात होता. तो आकाशाचा निळा रंग प्रतिबिंबित करतो असे त्या काळचे नामवंत शास्त्रज्ञ सांगत. रामन यांनी निकोल लोलक डोळ्यासमोर धरला, पाण्यावरून येणारी आकाशाची चमक त्यातून घालवली, आणि पाहिले तर समुद्र निळाच! म्हणजे निळेपण पाण्याचे स्वतःचे, पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात त्यातून आलेले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याविषयीचे पत्र त्यांनी त्याच सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरात बोटीवरून लिहिले. याच वाटेने पुढे जाऊन १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आले. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मान्य न करता, खिशातला दगडाचा तुकडा काढून स्वतः पाहणे, हे त्या शोधाचे मूळ.

ज्यांची नावे पुस्तकात नाहीत

बार्थोलिन, हायगेन्स, मालुस, निकोल. ही सगळी नावे पुस्तकात आहेत आणि असलीच पाहिजेत. पण दगड डोंगरातून निघाला कसा?

कॅल्साइट नाजूक असतो. लोखंडी खिळ्याने त्यावर ओरखडा उठतो. घाव बसला की ठराविक तिरप्या पातळ्यांवर तो फुटतो. सुरुंगाचा दणका बसला तर आतून तडे जातात आणि तोलामोलाचा स्फटिक क्षणात चुरा होतो. म्हणून चांगला दगड काढायचा तो हातानेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे व्यापारी खणकाम सुरू झाले. व्यापारी खाण भाड्याने घेत. खणणारी माणसे आसपासची शेतकरी, कोळी. थंड पाणी, ओली माती, छोटा उन्हाळा. ढिगाऱ्यातून एखादाच स्फटिक दोषरहित निघे. त्यात बुडबुडा नको, रेघ नको, धुरकटपणा नको. बाकीचा सारा माल टाकाऊ. उतारावरचा जो पांढरा चुरा आम्ही पाहिला, तो म्हणजे त्या माणसांच्या मेहनतीचा न विकला गेलेला भाग.

निवडलेला दगड खाली किनाऱ्यावर जाई, तेथून जहाजाने परदेशी. कोपनहेगन, लंडन, पॅरिस, बर्लिन येथे त्याचे लोलक होत. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या डाव्या-उजव्या स्फटिकांचा शोध लावला तो ध्रुवीकृत प्रकाशाच्या साहाय्याने. पाश्चर म्हणजे पुढे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस काढणारे तेच. भूगर्भशास्त्रज्ञ खडकाचा कागदाहून पातळ काप दोन निकोलांमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले आणि काळ्या कातळात इंद्रधनुष्याचे रंग दिसू लागले. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टचा अभ्यासही याच रीतीने झाला.

इतके मोठे ज्ञान ज्या दगडावर उभे राहिले, तो खणणाऱ्याच्या घरी मात्र वीज नव्हती, शाळा दूर होती, आणि आपण काढलेल्या दगडाचे पुढे काय होते हे त्याला सांगायला कोणी गेले असेल असे वाटत नाही. लेणी कोरणाऱ्या पाथरवटांचेही असेच झाले. दान देणाऱ्यांची नावे शिलालेखात पुष्कळ सापडतात. छिन्नी धरणाऱ्या हातांची फार थोडी.

१८७९ मध्ये हेल्गुस्तादिर आइसलँडच्या सरकारी खजिन्याने विकत घेतले. पुढे खाणीखालचा बोगदा खोदला गेला. पण चांगला दगड संपत आला होता, आणि १९२० च्या दशकात काम थांबले. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या एडविन लँड यांचा पोलरॉइड पडदा बाजारात आला आणि पुष्कळ ठिकाणी दगडाची गरजच उरली नाही. आजही काही उत्तम यंत्रांत कॅल्साइटचे लोलक वापरतात, पण हेल्गुस्तादिरची खाण शांत आहे.

उरलेले राखणे

१९७५ पासून ही खाण संरक्षित निसर्गस्मारक आहे. दगड फोडणे तर नाहीच, पायाखालचा तुकडा उचलून नेण्यासही मनाई आहे. तरीही वर्षानुवर्षे पाहुण्यांनी एकेक तुकडा खिशात घातला. "एवढ्याशा खड्याने काय होते?" असे प्रत्येक जण म्हणतो. हजारो माणसांनी तसे म्हटले की डोंगर रिकामा होतो. आमच्याही पायाशी नखाएवढा एक स्वच्छ तुकडा चमकत होता. मुलगी वाकून बघत होती. मग म्हणाली, "बाबा, आपल्याकडे अजिंठ्याचा आहे ना!" आणि हात मागे घेऊन उभी राहिली.

आपल्या लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे आणि बदाम आपण सर्वांनी पाहिले आहेत. राखणदार पुरे पडत नाहीत, फलक वाचले जात नाहीत. ज्याची किंमत माणसाला समजलेली नसते, ते तो सहज ओरबाडतो. म्हणून मुलांना लेण्यांवर न्यावे तेव्हा केवळ सहल म्हणून नेऊ नये. हा कातळ कोठून आला, तो कोणी कोरला, पोकळीत चमकणारा खडा कसा तयार झाला, हे आधी घरी सांगावे. ज्याला हे कळले त्याचा हात भिंतीवर खिळा ओढणार नाही.

आइसलँडला जाणे सर्वांना जमेल असे नाही. तसे जाण्याची गरजही नाही. स्वच्छ कॅल्साइटचा एक तुकडा रीतसर विकत मिळाला तर तो याच पानावर ठेवून पाहावा. तोही नसेल तर पोलरॉइड काचेचा गॉगल कोणाकडून मागून घ्यावा आणि त्यातून साध्या कॅल्क्युलेटरचे आकडे पाहत काच हळूहळू फिरवावी. एका जागी आकडे पार काळवंडतात, पाव वळसा दिला की पुन्हा दिसतात. मुलांनी विचारले की असे का होते, तर त्यांना खिडकीच्या गजांची आणि दोरीची गोष्ट सांगावी. आणि त्याबरोबर हेही सांगावे, की हे कोडे सुटावे म्हणून दूरच्या एका थंड डोंगरात काही शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी ओल्या मातीतून, एकही ओरखडा न उमटू देता, हातांनी दगड काढले होते.